सोलापूरच्या घरबागेत दर उन्हाळ्यात पाखरे आणि फुलपाखरे दिसेनाशी का होतात: तपासणी आणि उपाय

सोलापुरात घराभोवती किंवा गच्चीवर बाग करणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी ठरलेल्या वेळी ऐकू येते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाग गजबजलेली असते. झेंडूवर फुलपाखरे, जास्वंदीवर शिंजीर, कुंपणाच्या कडेने किडे शोधत फिरणारे सातभाई आणि अंगणात चिमण्या असतात. होळी झाली की यांतले एकेक जण येईनासे होते, आणि वैशाखात पाण्याचे भांडे काठोकाठ भरून ठेवले तरी कावळ्याखेरीज त्याकडे कोणी फिरकत नाही. पाऊस सुरू झाला की सगळे पुन्हा दिसू लागते, त्यामुळे "ऊनच फार होते" असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा तेच घडते.

विजापूर रस्त्यावरच्या माझ्या घरापुढे दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब एवढी मातीची जागा आहे. गच्चीवर सोळा कुंड्या आणि तीन अर्धी पिंपे आहेत. एवढ्याशा बागेत सलग तीन उन्हाळे मी हे अनुभवले, प्रत्येक उन्हाळ्यात काही ना काही उपाय केला, आणि तिसऱ्या वर्षी लक्षात आले की उपायांपेक्षा त्यांची वेळ चुकत होती. एप्रिलमध्ये दिसणाऱ्या या बिघाडाची कारणे बहुधा आदल्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपण केलेल्या, किंवा करायच्या राहिलेल्या, कामांत असतात. म्हणून तपासणी भर उन्हाळ्यात करावी, पण दुरुस्तीची अपेक्षा लगेच धरू नये.

मुळात हा बिघाड आहे का?

जे बिघडलेलेच नाही ते आधी बाजूला काढावे. भोरड्यांचे थवे आणि करडे धोबी हे हिवाळ्याचे पाहुणे आहेत; मार्च-एप्रिलमध्ये ते परतीच्या वाटेला लागतात आणि आपण काहीही केले तरी मे महिन्यात ते दिसणार नाहीत. जांभळ्या शिंजीराच्या बाबतीत गोंधळ निराळा होतो. विणीच्या दिवसांत नर काळा-जांभळा आणि चमकदार असतो, पण वीण संपल्यावर तो पिसे बदलतो, मादीसारखा पिवळट दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. "आमचा शिंजीर गेला" असे सांगणाऱ्यांपैकी काहींच्या बागेत तो रोज येत असतो. त्याचा पोशाख बदललेला असल्यामुळे तो ओळखू येत नाही, इतकेच.

मधमाश्यांचेही असेच आहे. मार्च ते एप्रिल या काळात सोलापूरच्या रस्त्यांवरील कडुनिंब मोहरतात आणि पाठोपाठ करंज फुलतात. एवढे मोठे ताट समोर वाढलेले असताना आपल्या चार कुंड्यांकडे माश्यांनी यावे ही अपेक्षा गैर आहे. कडुनिंबाचा मोहर झडल्यानंतरही, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून, बागेत माशी दिसत नसेल तर मात्र दोष आपल्याकडे शोधावा.

हे ठरवण्यासाठी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा उपयोग करते. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचनंतर दहा-दहा मिनिटे एका जागी बसावे, आणि त्या दिवशी बागेत कोणते झाड फुलावर आहे, त्यावर कोण आले आणि पाण्यावर कोण आले, एवढेच त्या तारखेच्या चौकोनात लिहावे. दुपारी बसण्याचा उपयोग नाही, कारण बेचाळीस अंशांच्या उन्हात शहाणी पाखरे सावली सोडत नाहीत. अशी एका वर्षाची पाने पुढे ठेवली की खड्डा नेमका कोठे पडतो ते दिसते. माझ्या बागेत एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा खड्डा अपेक्षित होता. पण जुलैअखेर आणि ऑगस्टमध्येही एक खड्डा निघाला, आणि त्याची मला तोपर्यंत कल्पनाच नव्हती.

वेळापत्रक कोणत्या गावचे आहे?

या दोन्ही खड्ड्यांचे मूळ आपल्या पावसात आहे. सोलापूर पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. मृगाचा पाऊस माती भिजवतो, पण त्यानंतर कधी कधी तीन-तीन आठवड्यांची उघडीप पडते, आणि खरा आधार उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे देतात. शेतकऱ्याला हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा आहे आणि मालदांडीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. घरबाग करणारे आपण मात्र पुण्या-कोकणाकडची माहिती वाचून जूनमध्ये रोपे लावतो. ती जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत कशीबशी तग धरतात, त्यांची मुळे उथळ राहतात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये फुलण्याच्या वेळी त्यांच्यात बळ उरत नाही. उपाय सरळ आहे: बागेचे वर्ष जूनऐवजी सप्टेंबरात सुरू झाले असे मानावे. हस्ताच्या ओलीवर लावलेल्या झाडाला थंडीचे चार महिने मुळे खोल नेण्यासाठी मिळतात.

फुले आहेत, पण त्यांवर कोणी येत नाही

ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त गोंधळात पाडणारी तक्रार आहे. याची तपासणी करताना आधी फुलांचा प्रकार पाहावा. रोपवाटिकेतून आणलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीत, गुलाबात आणि भरगच्च झेंडूत दिखाऊपणा पुष्कळ असतो, पण कीटकाला मकरंदापर्यंत पोचायला वाट नसते, किंवा तेथे काही नसतेच. जुन्या घरांतली एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद यासाठी कधीही अधिक चांगली.

फूल योग्य असूनही त्यावर कोणी येत नसेल, तर पाण्याचा ताण हे कारण संभवते. तहानलेले झाड फूल उमलवते, पण मकरंद कमी देते, आणि माशी अशा फुलाला एकदा भेट देऊन पुन्हा येत नाही. येथे आपल्या काळ्या मातीचा एक दोष आडवा येतो. कुंडीत निव्वळ काळी माती भरली असेल तर ती वाळताना आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर पडते. पाणी घातल्याचे समाधान आपल्याला मिळते, आणि मुळांभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. बोटाने कडेची फट तपासावी. फट असल्यास ती बुजवून थोडे पाणी घालावे, दहा मिनिटे थांबून पुन्हा घालावे, आणि पुढच्या वेळी कुंडी भरताना काळ्या मातीत निम्म्याच्या आसपास वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. जमिनीतल्या झाडांसाठी रंग न दिलेला, झिलई नसलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून तो भरून ठेवण्याची जुनी पद्धत आपल्याकडे फार उपयोगी पडते, कारण नळाला रोज पाणी येत नसलेल्या घरातही एकदा भरलेला माठ दोन-तीन दिवस ओल देत राहतो. माठाचे तोंड मात्र झाकलेले असावे. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालणारे पुष्कळ जण आहेत. त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि आपल्या कूपनलिकांचे पाणी आधीच क्षारयुक्त असल्यामुळे काही महिन्यांत पानांची टोके करपू लागतात. ते पाणी फरशी धुण्यासाठी वापरावे.

आता खड्डा बुजवणाऱ्या झाडांविषयी. गच्चीवरच्या पिंपात शेवगा उत्तम येतो. त्याला पाणी बेताचे लागते, आणि तो फुलावर आला की शिंजीर आणि काळे भुंगे दिवसभर हटत नाहीत. अडुळसा थंडीच्या मध्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत फुलतो आणि त्याला शेळीदेखील तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणालगत लावावा. कढीपत्ता उन्हाळ्यात फुलतो, त्याच्या पिकलेल्या काळसर फळांवर बुलबुल आणि कोकिळा येतात, आणि पानांवर फुलपाखरांची वीण होते; एका झाडात तीन कामे होत असल्यामुळे जागा फार थोडी असेल तर मी प्रथम कढीपत्ताच सुचवीन. सब्जाचे बी जानेवारीअखेर आणि सूर्यफुलाचे बी फेब्रुवारीत टाकले, तर मार्च-एप्रिलमध्ये माश्यांना फुले आणि मे महिन्यात चिमण्यांना व पोपटांना दाणे मिळतात. हमेलिया हे झाड मूळचे परदेशी आहे, पण ते जवळजवळ बारमाही फुलते आणि शिंजीराला प्रिय आहे, त्यामुळे देशी झाडांचा आग्रह धरणाऱ्या मित्रांचा रोष पत्करून मी ते एक ठेवले आहे. घाणेरीबाबत मात्र मी त्यांच्याशी सहमत आहे. तिच्यावर फुलपाखरे कितीही येत असली तरी ती माळरानावर पसरून गवत मारते, आणि नान्नजसारख्या गवताळ रानांच्या इतक्या जवळ राहून आपण तिचे बी पाखरांच्या पोटातून तिकडे पाठवू नये.

तुळशीविषयी एक छोटी सूचना. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते, म्हणून आपण त्या दिसताच खुडतो. वृंदावनातल्या तुळशीचे नेहमीप्रमाणे करावे, पण दुसऱ्या एका कुंडीतली तुळस मंजिऱ्यांसह तशीच वाढू द्यावी. मे महिन्यात माझ्या बागेत सर्वांत जास्त माश्या त्या एका कुंडीवर मोजल्या आहेत.

फुलपाखरे येतात, पण टिकत नाहीत

फुलावर बसलेले फुलपाखरू हे गिऱ्हाईक असते, रहिवासी नव्हे. त्याला अंडी घालण्यासाठी ठरावीक झाड लागते, आणि ते नसेल तर ते मकरंद पिऊन पुढे निघून जाते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर कॉमन लाइम नावाचे काळे-पिवळे फुलपाखरू अंडी घालते. त्याची लहान अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून दुर्गंधी सुटणारी रंगीत शिंगे बाहेर काढते. रुईवर प्लेन टायगर, चित्रकावर झेब्रा ब्लू, टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे आणि आपण तण म्हणून उपटतो त्या घोळीवर डॅनेड एगफ्लाय वाढतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, एवढे पथ्य पाळून तिचे एक झाड कोपऱ्यात वाढू द्यावे.

कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की स्वयंपाकघरातून तक्रार येते. ती माझ्याही घरात आली. त्यावर आम्ही तडजोड अशी काढली की एक झाड फोडणीचे आणि एक अळ्यांचे, आणि फोडणीच्या झाडावर आढळलेली अळी हाताने उचलून दुसऱ्यावर ठेवायची. जोमदार झाड अळ्यांनी ओरबाडले तरी काही आठवड्यांत पुन्हा पालवते.

येथपर्यंत केलेले असूनही उन्हाळ्यानंतर फुलपाखरे नव्याने निघत नसतील, तर आपल्या साफसफाईकडे पाहावे. पानगळ झाली की आपण माघ-फाल्गुनात बाग झाडतो, वाळक्या काड्या छाटतो आणि सगळा पाचोळा घंटागाडीत देतो किंवा, त्याहून वाईट, पेटवतो. त्या वाळक्या काड्यांना फुलपाखरांचे कोष चिकटलेले असतात आणि ते काडीच्याच रंगाचे असल्यामुळे दिसत नाहीत. पोकळ काड्यांत आणि बांबूत एकेकट्या राहणाऱ्या माश्यांची घरे असतात. पाचोळ्याखाली भेक, सापसुरळ्या आणि सातभाई ज्यांच्यावर जगतात ते असंख्य किडे असतात. बाग जितकी लख्ख, तितकी ती रिकामी. मी आता फेब्रुवारीत छाटणी करतच नाही. अगदी आवश्यक असेल तर छाटलेल्या काड्या महिनाभर कुंपणाला उभ्या टेकवून ठेवते आणि पाचोळा झाडांच्या बुंध्याशी चार बोटे जाडीचा पसरते, त्यामुळे काळ्या मातीला भेगाही कमी पडतात. पाचोळ्याचा ढीग दारापासून आणि पायवाटेपासून दूर असावा, आणि त्यात नुसता हात कधीही घालू नये. आधी काठीने हलवावा, कारण आपल्या भागात फुरसे हा विषारी साप आढळतो.

फवारणी: माझी स्वतःची चूक

दुसऱ्या उन्हाळ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. शेंडे पांढऱ्या कापसाने माखले, कळ्या गळू लागल्या, आणि मी दुकानातून सांगितलेली एक छोटी बाटली आणून सर्व झाडांवर सारखीच फवारली. ढेकूण गेला. त्यासोबत मावा गेला, कोळी गेले, ढालकिडे गेले, आणि पंधरा दिवसांत वटवट्याची जोडी बाग सोडून गेली. बाटलीवर इमिडाक्लोप्रिड असे नाव होते. हे आंतरप्रवाही रसायन आहे. ते झाडाच्या रसात शिरते आणि फुलाच्या मकरंदात व परागांतही उतरते, म्हणजे माशीला बोलावणारे फूलच तिला विष देते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये याच्यासह तीन निओनिकोटिनॉइड रसायनांच्या उघड्यावरील वापराला बंदी घातली आहे. चिमणी, शिंपी किंवा शिंजीर यांच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत दाणा किंवा मकरंद पुरत नाही, त्यांना अळ्या, मावा आणि कोळी भरवावे लागतात. त्यामुळे किडे संपलेल्या बागेत आपण कितीही ज्वारी टाकली तरी घरटे होत नाही.

पिठ्या ढेकणावर आता मी पुढीलप्रमाणे काम करते. आधी मुंग्या बघते, कारण ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. बुंध्याभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावले आणि झाडाची फांदी भिंतीला टेकणार नाही एवढे पाहिले, की मुंग्यांची वाट बंद होते. मग फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बंद करते आणि बाकीचे पाण्याच्या जोरदार धारेने धुते. हे लागोपाठ तीन-चार सकाळी करावे लागते. या वेळी एक काळजी घ्यावी: ढेकणासारखीच पांढरी, कापूस गुंडाळल्यासारखी, पण झपझप चालणारी अळी दिसली तर ती मारू नये. ती ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असते, आणि मी सुरुवातीला अशा कितीतरी अळ्या ढेकूण समजून घासून काढल्या.

एवढ्याने भागले नाही तरच निंबोळी अर्क वापरावा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून आणि चिमूटभर साबण मिसळून तो संध्याकाळी, माश्या परतल्यावर, फक्त बाधित झाडावर फवारावा. तो नैसर्गिक असला तरी अळ्यांनाही मारतो, त्यामुळे लिंबू, कढीपत्ता आणि रुई यांच्यावर त्याचा थेंबही पडू देऊ नये. निंबोळ्या जून-जुलैत रस्त्यावर सडा पडतो तेव्हा वेचून वाळवाव्यात. झाडावरच्या पाखरांसाठी राहू द्याव्यात.

पाणी ठेवले आहे, पण कोणी पीत नाही

येथेही पहिला प्रश्न वेळेचा आहे. एप्रिलच्या मध्यावर, आवाहने वाचून ठेवलेले भांडे पाखरांना ठाऊक नसते. त्यांच्या पाण्याच्या वाटा तोपर्यंत ठरलेल्या असतात. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत, भांडे ठेवायला सुरुवात करावी आणि त्याची जागा बदलू नये.

भांडे धातूचे किंवा प्लास्टिकचे नसावे. दुपारी त्यातले पाणी हाताला चटका देण्याइतके तापते. मातीची पसरट परळ घ्यावी, पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नसावे, आणि मध्ये पाण्याबाहेर डोके काढणारे दोन-तीन खडबडीत दगड ठेवावेत. मधमाश्यांना पोळे थंड राखण्यासाठी उन्हाळ्यात पुष्कळ पाणी लागते, आणि उभ्या कडेच्या भांड्यात त्या बुडून मरतात. नारळाची शेंडी किंवा गोणपाटाचा तुकडा काठावरून पाण्यात सोडला की त्यांना उतरायला जागा होते. घराच्या पूर्वेच्या बाजूला दुपारनंतर सावली असते, म्हणून परळ तेथे ठेवावी. जवळ झुडूप असावे, पण अगदी चिकटून नसावे. सहा-सात फुटांचे मोकळे अंतर असले की दबा धरलेले मांजर वेळेत दिसते आणि पाखराला पळून बसायला फांदीही जवळ मिळते.

कमी झालेल्या पाण्यात नुसती भर घालत राहणे ही दुसरी चूक आहे. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. काठावर पांढरी पुटे दिसू लागली की ते पाणी पिण्यालायक राहिलेले नसते. रोज सकाळी उरलेले पाणी कुंडीत ओतून परळ काथ्याने घासावी आणि ताजे पाणी भरावे. मे महिन्यात दुपारी आणखी एकदा भरावे लागते.

डासांच्या भीतीने पाणी ठेवणे बंद करणाऱ्यांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला उष्ण दिवसांत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज रिकाम्या होणाऱ्या परळीत डास होत नाहीत. ते होतात कुंड्यांखालच्या थाळ्यांत, कूलरच्या टाकीत आणि चार दिवसांचे पाणी साठवलेल्या उघड्या पिंपांत. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी भांडी नुसती उपडी करणे पुरेसे नाही, ती घासलीही पाहिजेत. हौदात गप्पी मासे सोडता येतात. त्यांना तलावात किंवा ओढ्यात मात्र सोडू नये, ते बेडकांची पिल्ले खातात.

चिमण्यांचे घरटे रिकामे राहते

चिमण्यांसाठी लावलेल्या खोक्यात घरटे होत नसेल तर आधी खोका तपासावा. त्याचे भोक बत्तीस मिलिमीटरच्या आसपास असावे, खोका जाड लाकडाचा असावा, तो दहा फुटांच्या आसपास उंचीवर लावावा आणि पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याखाली कदापि लावू नये, कारण आपल्या मे महिन्यात तेथे पिल्ले भाजून मरतात. पुठ्ठ्याचे खोके २० मार्चच्या चिमणी दिनाला वाटले जातात. ते टिकत नाहीत आणि वेळही उशिराची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला खोका चिमण्यांच्या नजरेत मुरतो. दाणे मूठभरच टाकावेत. पसाभर टाकले की कबुतरे आणि मागोमाग उंदीर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची काढणी होते तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार कणसे आणून ती छपराच्या सावलीत टांगली, तर कबुतराला लोंबकळता येत नाही आणि चिमण्यांना व मनोल्यांना येते.

सप्टेंबरातली दुरुस्ती

वरची तपासणी उन्हाळ्यात करून दिनदर्शिकेत जे रकाने रिकामे निघाले, त्यांची झाडे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उत्तरा लागल्यावर, लावावीत. कढीपत्ता, अडुळसा आणि चित्रक जमिनीत, शेवगा पिंपात. त्याच वेळी कुंड्यांची माती बदलावी, माठ पुरावेत आणि पावसाने उगवलेला टाकळा आणि घोळ यांचा निदान एक वाफा न उपटता राखावा. ऑक्टोबरात खोका, जानेवारीत परळ आणि सब्जाचे बी, फेब्रुवारीत सूर्यफूल, आणि छाटणीची कात्री पहिल्या पावसापर्यंत अडगळीत.

या क्रमाने केलेल्या पहिल्याच वर्षी माझ्या दिनदर्शिकेतला मे महिना भरला: कढीपत्त्यावर रोज माश्या, परळीवर बुलबुलांची जोडी आणि दोन खारी, आणि महिन्याच्या शेवटी अडुळशाच्या पाठीमागे वटवट्याचे घरटे. ऑगस्टचा रकाना मात्र अजून अर्धा रिकामा आहे. मृगानंतरच्या उघडिपीत फुलणारे, थोड्या जागेत मावणारे झाड मला अजून सापडलेले नाही. या वर्षी निर्गुडी लावून पाहिली आहे, आणि ती आता गुडघ्याएवढी झाली आहे.